भगरीचं पीठ, हिरवा दिवा आणि अडवलेले चौदा कट्टे

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचत गटांच्या बायकांनी मिळून उभा केलेला प्रक्रिया गट आहे. पापड, शेवया, काळा मसाला, उन्हाळ्यात कुरडया. आणि आषाढीपासून नवरात्रापर्यंत उपवासाची पिठं. राजगिरा, शिंगाडा आणि सगळ्यांत जास्त खपणारं भगरीचं पीठ. वर्षाचा जवळपास अर्धा गल्ला याच चार महिन्यांत जमतो. अन्नतंत्राचा सल्लागार म्हणून मी या गटासोबत काम करत होतो. गट, गाव, व्यापारी आणि ज्यांचं तंत्रज्ञान वापरलं ती कंपनी, यांपैकी कुणाचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

भगर म्हणजे वरईचा तांदूळ. मराठवाड्यात वरई फारशी पिकत नाही. ती पिकते सह्याद्रीच्या उतारावर, नाशिक-पालघरकडच्या डोंगराळ तालुक्यांत, परराज्यांतूनही येते. नाशिक भागातल्या गिरण्यांत तिचं टरफल निघतं, मग ठोक व्यापारी, मग जिल्ह्याचं गाव, मग तालुका. टरफल असेपर्यंत दाण्याला आडोसा असतो. ते गेलं की दाणा उघडा पडतो आणि पीठ झालं की ओलीला, बुरशीला रान मोकळंच. गटाच्या दारात कट्टा उतरतो तेव्हा त्यातल्या भगरीचं टरफल कधी निघालं, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. गेल्या आठवड्यातलं असेल, नाहीतर गेल्या उन्हाळ्यातलं.

भगरीतून विषबाधा ही बातमी मराठवाड्याला नवी नाही. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आलं की आठांपैकी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून ती येतेच. ६ फेब्रुवारी २०२४ ला, एकादशीच्या दिवशी, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला सप्ताहाचा भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यावर सुमारे दोन हजार माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर पत्रक काढतं: सुटं पीठ घेऊ नका, पाकीटबंद भगर घ्या, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा, पीठ फार दिवस ठेवू नका. कारणही त्यातच दिलेलं असतं. भगरीवर ॲस्परजिलस जातीच्या बुरशी वाढतात आणि त्यांच्यापासून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात.

कोष्टवाडीनंतर तालुक्यातले दुकानदार गटाला एकच गोष्ट विचारू लागले, "ताई, तुमच्या पिठाची ग्यारंटी काय?"

अडचण

गटाजवळ तोवर तीन चाळण्या होत्या: डोळा, नाक आणि भरवसा. कट्टा फोडायचा, सुपात घ्यायचा, निवडायचा. काळा दाणा, खडा, जाळी दिसली तर बाजूला. कुबट वास आला तर परत. भरवसा व्यापाऱ्यावर, कारण तो जुना.

प्रयोगशाळेचा रस्ता होता, पण लांबचा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बुरशीजन्य विषांची तपासणी एका नमुन्याला काही हजारांत जाते आणि अहवाल यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की बुरशी सगळ्या मालात सारखी पसरत नाही. कट्ट्याच्या एका कोपऱ्याला ओल लागली तर विष तिथे, आणि नमुना काढला मधून. अहवाल येतो त्या मूठभर भगरीचा. विकायचा असतो साठ कट्टे माल.

म्हणजे तपासणी परवडत नाही म्हणून अडचण होती, असं नव्हे. कुठला कट्टा तपासायचा, हेच कळत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

२०२५ च्या उन्हाळ्यात गटाच्या बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, भगरीचं पीठ बंदच करायचं. सुरक्षेच्या बाजूने बघितलं तर याला तोड नव्हती. पण अध्यक्षताईंनी साधा हिशेब मांडला: आपण थांबलो तर लोक भगर खायचे थांबणार नाहीत, किराण्याच्या पोत्यातलं सुटं पीठ नेतील. गटाचं उत्पन्न जाईल आणि गावातला धोका जराही कमी होणार नाही.

दुसरी, पीठ न करता फक्त अख्खी भगर पाकिटात विकायची. प्रशासनाच्या सल्ल्याला धरून. पण पिठात मिळतो तो पैसा अख्ख्या भगरीत सुटत नाही, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला उपवासाच्या दिवशी दळण काढायला वेळ कुठला? ती तयार पीठच मागते.

तिसरी, प्रत्येक खेप प्रयोगशाळेत. खर्च सोडला तरी अहवाल येईपर्यंत पावसाळी हवेत माल पडून राहणार.

चौथी बाहेरून आली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली, आणि शेतमालाच्या प्रतवारीची ॲपं घेऊन फिरणाऱ्यांना एकदम बळ आलं. त्यांतल्याच एका कंपनीने गटाला प्रस्ताव दिला: मोबाइलने दाण्यांचा फोटो काढा, कृत्रिम बुद्धिमत्ता सांगेल माल कसा आहे. सोबत गोदामात तापमान-आर्द्रतेचे सेन्सर. पहिला हंगाम फुकट.

गटाने चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्यातला थोडा भाग शिल्लक ठेवला, म्हणजे मोजक्या नमुन्यांची तपासणी. निर्णय चांगला होता, पण तो घेण्यामागचं कारण चुकीचं होतं: ‘फुकट’. फुकट आहे म्हटल्यावर करारात काय लिहिलंय, हे कुणी नीट वाचलं नाही. त्याचा त्रास सप्टेंबरात झाला.

पहिला निर्णय : फोटोवर किती विसंबायचं

ॲप गहू, तांदूळ, सोयाबीन आणि तुरीवर शिकलेलं होतं. पहिल्या दिवशी भगरीचा फोटो दिला तर त्याने तिला तांदळाची कणी ठरवून टाकलं. बायका खूप हसल्या. कंपनीच्या मुलांनी मनावर घेतलं आणि गटाकडून भगरीचे फोटो मागवले. निळ्या कापडावर पातळ थर पसरायचा, मोबाइल लाकडी स्टँडवर ठरावीक उंचीला, खिडकीचा उजेड एकाच बाजूने. दाणा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. हात जरा हलला की फोटोत नुसता रवा दिसायचा.

मग खूण करायचं काम. फोटोतल्या प्रत्येक संशयित दाण्यावर बोट ठेवून सांगायचं: टरफल राहिलेला, तणाचं बी, किडका, बुरशीचा. इथे गंमत झाली. एकच फोटो दोघींना वेगवेगळ्या वेळी दाखवला तर काळ्या ठिपक्यांवर दोघींचं एकमत होईना. सुपात घेतल्यावर त्याच दोघी बिनचूक सांगायच्या. कारण सुपात त्या नुसतं बघत नव्हत्या. बोटांनी चोळत होत्या, नाकाशी नेत होत्या, पाखडताना दाणा जड वाजतो की पोकळ, ते ऐकत होत्या. त्यांचं निम्मं ज्ञान फोटोत उतरतच नव्हतं, मग मशीन ते शिकणार कुठून?

तरी ॲप सुधारलं. खडा, तण, टरफल, किडका दाणा हे ते चांगलं पकडू लागलं, आणि थकत नव्हतं. दुपारी चारनंतर निवडणाऱ्यांची नजर थकते. ॲपची थकत नाही. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

गोदाम सांभाळणाऱ्या काकूंनी ऑगस्टमध्ये एक कट्टा मुद्दाम बाजूला ठेवला होता. मला बोलावून म्हणाल्या, "सर, फोन हिरवा दाखवायलाय, पण ह्याला वास यायलाय." ॲपने त्या कट्ट्याचे तीन फोटो बघितले होते आणि तिन्ही वेळा हिरवा दिवा दिला होता. कट्ट्याचा तळ उसवला तर शिवणीजवळ भगरीची मुठीएवढी ढेकळं झाली होती. फोटो वरच्या मालाचा होता.

नमुना वरून घेतला ही चूक सुधारता येते. बांबू घालून तिन्ही थरांतून माल काढायची पद्धत गटाने लगेच सुरू केली. पण त्याच्याही पुढची गोष्ट अशी की बुरशी दिसली नाही म्हणजे विष नाही, असं होत नाही. बुरशी वाढते, विष सोडते, माल सुकतो, पॉलिश होतो, पाखडला जातो. बुरशी जाते आणि विष दाण्यातच राहतं. त्याला रंग नाही. साध्या कॅमेऱ्याला ते दिसणार नाही, कितीही लाख फोटोंवर शिकवा.

म्हणून गटाने कंपनीकडे मागणी केली: हिरवा दिवा काढून टाका. पडद्यावर दोनच निकाल असू द्या, ‘थांबवा’ आणि ‘पुढच्या तपासणीला न्या’. कंपनी तयार होईना. त्यांचं म्हणणं, वापरणाऱ्याला शेवटी होकार लागतो, नाहीतर ॲप कोण घेणार? धंद्याच्या बाजूने त्यांचं चुकत नव्हतं. पण एकदा हिरवा दिवा लागला की त्याचा स्क्रीनशॉट दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथे तो ग्यारंटी होतो. तसे दोन स्क्रीनशॉट फिरूही लागले होते. ते कंपनीच्या माणसापुढे ठेवल्यावर या गटापुरता दिवा निघाला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि त्याला एक रुपयाही खर्च आला नाही.

दुसरा निर्णय : दळायचं कधी

ज्या कामाकडे सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं, तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता जास्त उपयोगी पडली: विक्रीचा अंदाज.

गट दरवर्षी सणाच्या महिनाभर आधीपासून दळायला घ्यायचा. चक्की एक, वीज बेभरवशाची, ऐनवेळी धांदल नको. म्हणजे पीठ तीन-चार आठवडे पाकिटात पडून राहायचं, तेही पावसाळी हवेत. विक्री कधी आणि किती होईल याचा नीट अंदाज आला असता तर दळण शेवटच्या आठवड्यावर आणता आलं असतं.

तीन वर्षांची बिलं होती. ती भरली आणि मॉडेलने सांगितलं, पिठाची मागणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वांत जास्त. हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी कपाळावर हात मारला. "याला पंचांग कुणी दिलंच नाही का?"

नव्हतं दिलं. घटस्थापना २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला. २०२४ मध्ये ती ३ ऑक्टोबरला होती. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. इंग्रजी तारखांवर शिकलेल्या मॉडेलला नवरात्र सरकतं, हेच ठाऊक नव्हतं. ताईंनी एकादश्या, संकष्ट्या, श्रावणी सोमवार, नवरात्र यांच्या तारखा वहीतून उतरवून दिल्या, आणि अंदाज जाग्यावर आला.

यातून एक गोष्ट निघाली जी मला आधी सुचली नव्हती. नवरात्र २२ सप्टेंबरला म्हणजे भर पावसात. १५ ऑक्टोबरला असतं तर मराठवाड्यातून पाऊस परतीला लागलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन पडलेलं असतं, माल खडखडीत राहतो. म्हणजे नवरात्र लवकर आलं की साठवण आणि दळण दोन्ही दमट हवेत होतात. पंचांग आणि पाऊस एकमेकांशेजारी मांडले तर कुठलं वर्ष जास्त जपून काढायचं हे हंगामाआधीच कळतं. यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, खरं तर. पण ती बिलं भरायला बसलो नसतो तर हे दोन कागद शेजारी आले नसते.

दळण आठवड्याच्या खेपांवर आणायचं ठरलं. प्रत्येक खेपेला क्रमांक, पाकिटावर दळल्याची तारीख, आणि कुठल्या कट्ट्याचं पीठ कुठल्या खेपेत गेलं याची नोंद. नोंदी बोलून करायची सोय कंपनीने दिली होती. मराठी तिला बरी समजायची, पण काकूंनी ओलावा "पावणेतेरा" सांगितला की ती १३ लिहायची. पाव टक्का म्हणजे फार नव्हे, पण गटाने भगरीसाठी स्वतःची मर्यादा १२ ठेवली होती आणि "पावणेबारा"चं १२ झालं की चांगला कट्टा उगाच काठावर जायचा. शेवटी आकडे सुटे सुटे बोलायचे ठरले: बारा, टिंब, सात, पाच.

तिसरा निर्णय : चौदा कट्टे

गोदामात चार सेन्सर होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं की पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीकडे रात्री हवा उरलेल्या गोदामापेक्षा बरीच दमट होते. कट्टे फळ्यांवर घेतले, भिंतीपासून दोन हात लांब सरकवले. दाण्याभोवतीच्या हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की साठवणीतल्या बुरशीला वाढायला वाव मिळतो. मॉडेल सेन्सरचे आकडे, हवामानाचा अंदाज, कट्टा आल्यापासूनचे दिवस आणि ओलावा एकत्र करून रोज सकाळी धोक्याच्या क्रमाने कट्ट्यांची यादी द्यायचं. कुठला आधी दळायचा, कुठल्याचा नमुना काढायचा, हे त्यावरून ठरायचं. महिनाभर हे सुरळीत चाललं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने काय पाऊस बघितला, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात गावाची वीज गेली, नेटवर्क गेलं, सेन्सर मुके झाले. वीज आली तेव्हा पडद्यावर आलेख अखंड होता. मधल्या काळाची रेघ जणू काही झालंच नाही अशी, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांना जोडून सरळ ओढलेली. त्या रेघेवरून मॉडेलने धोका कमी ठरवला आणि भिंतीकडचे कट्टे यादीत खाली ढकलले.

काकूंची मात्र वही होती. भिंतीवर घड्याळासारखं एक साधं आर्द्रतामापक टांगलेलं. सेन्सर आल्यावर तेवढं तरी काढा म्हटलं होतं कुणीतरी, त्यांनी काढलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ त्या आकडा लिहायच्या. अंधारातल्या त्या दिवसांत वहीत ८६, ८८, ८८, ८५ असे आकडे होते. एका जागी शेजारी लिहिलेलं, ‘खिळ्याच्या भोकातून थेंब. ताडपत्री टाकली.’

वही आणि आलेख शेजारी ठेवले तेव्हा घटस्थापनेला तीन दिवस होते. पश्चिमेकडचे चौदा कट्टे, बहुतेकांचा ओलावा १२ च्या वर. दुकानदारांचे फोन चालू. पर्याय तीन होते.

दळून विकायचे. फोटो बघून कुणी आक्षेप घेतला नसता. ॲपला त्यांत काही सापडलं नव्हतं.

वाळवून मग दळायचे. हा पर्याय बहुतेक जणींना पटत होता, कारण घरात आपण तेच करतो. इथे मी ठामपणे विरोध केला. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते. तोवर तयार झालेलं विष जात नाही. अफ्लाटॉक्सिनसारखी विषं शिजवल्यानेही पुरती नष्ट होत नाहीत.

अडवायचे. म्हणजे ऐन नवरात्रात जवळपास चौथा हिस्सा माल बाजूला.

बैठक रात्री चक्कीपाशीच झाली. अध्यक्षताई बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "जत्रेच्या प्रसादाला आपलं पीठ जायलंय. थांबवा." चौदा कट्टे अडवले, सहा नमुने प्रयोगशाळेत गेले, आणि दुकानदारांना पिठाऐवजी उरलेल्या कट्ट्यांतली अख्खी भगर देऊ केली. निम्म्यांनी घेतली.

चौथा निर्णय : अहवाल आल्यावर

अहवाल आला. अफ्लाटॉक्सिन सहाही नमुन्यांत मर्यादेच्या खाली. तृणधान्यांसाठी ती किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. बुरशीची गणना मात्र दोन नमुन्यांत खूपच वर.

व्यापाऱ्याचं लगेच सुरू झालं. "ताई, विषाचा रिपोर्ट क्लीन आहे. मग माल परत कशाचा?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण फोनवर पटवून देणं अवघड. प्रयोगशाळेत नेहमी मागवली जाते ती अफ्लाटॉक्सिनची तपासणी. भरडधान्यात त्रास देणारी विषं तेवढीच नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दहा हत्ती मेले. त्यांनी कोद्रा खाल्ला होता आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं. तेही बुरशीचंच विष. भगरीबाबत प्रशासन ज्या फ्युमिगाक्लेविनचं नाव घेतं, ते आणखी वेगळं. गटाच्या अहवालात या दोहोंची ओळसुद्धा नव्हती, कारण ती तपासणी मागितलीच नव्हती. जे शोधलं नाही ते सापडलं नाही, एवढंच त्या कागदावरून कळत होतं. गंमत म्हणजे हिरव्या दिव्यावर गटाने जो आक्षेप घेतला होता, तोच या अहवालालाही लागू पडत होता. फक्त इथे शिक्का आणि सही होती, म्हणून तो घ्यायला जड गेलं.

शेवटी तडजोड झाली. बुरशीची गणना जास्त आलेल्या नमुन्यांशी जोडलेले चार कट्टे गटाने शेणखताच्या खड्ड्यात पुरले, जनावरांनाही घातले नाहीत. उरलेले दहा व्यापाऱ्याने कमी भावाने परत नेले.

ते दहा कट्टे कुठे गेले, हे गटाला माहीत नाही. व्यापारी ते फेकून देणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तो माल कुठल्या तरी आठवडी बाजारात, सुटा, चार पैसे स्वस्त विकला गेला असणार. आणि जो सर्वांत स्वस्त माल घेतो त्याच्या ताटात गेला असणार. अन्नसुरक्षेच्या यंत्रणा चांगल्या मालाला चांगल्या गिऱ्हाइकाकडे नेतात, तेव्हा संशयाचा माल खाली, गरिबाकडे सरकतो. या प्रकरणात तेच झालं. चौदाही कट्टे पुरले असते तर गटाचा त्या हंगामाचा नफा जवळपास गेला असता. बैठकीत कुणी तो पर्याय मांडलाच नाही, मीही नाही.

निष्पत्ती

नवरात्रात पिठाची विक्री आदल्या वर्षीपेक्षा कमी झाली, अख्ख्या भगरीची वाढली. दळल्यापासून पाकीट दुकानात जाईपर्यंतचा काळ आठवड्यावर आला. कुठल्या पाकिटात कुठल्या कट्ट्याचं पीठ आहे हे आता वहीतूनही सांगता येतं आणि संगणकावरूनही. एकाही गावातून तक्रार आली नाही. याचा फार डांगोरा पिटू नये. तक्रार त्याआधीच्या वर्षीही आलेली नव्हती.

कंपनीने आलेखात बदल केला. आता आकडे नसतील तिथे रेघ तुटलेली दिसते आणि मॉडेल तो काळ सर्वांत दमट होता असं धरून चालतं. हे त्यांनी सगळ्यांसाठी केलं की फक्त या गटासाठी, ते कळलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

करार वाचायला हवा होता. वीज-नेटवर्क गेल्यावर यंत्रणा काय करेल, हा मराठवाड्यात पावसाळ्यात पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न आहे. तो पूर आल्यावर विचारला गेला. गटाच्या बायकांनी खुणा करून दिलेले फोटो आता कंपनीच्या मालकीचे आहेत, तेही त्याच करारामुळे. त्यांवर सुधारलेलं ॲप पुढच्या हंगामात गटाला विकत घ्यावं लागेल.

प्रयोगशाळेशी बोलणं जूनमध्ये व्हायला हवं होतं. अफ्लाटॉक्सिनच्या पलीकडची कुठली तपासणी कुठे होते, किती दिवसांत होते, हे नवरात्राच्या आठवड्यात शोधून उपयोग नसतो. परभणीला कृषी विद्यापीठ आणि त्याचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे. गटाच्या दारापासून इतकं जवळचं दार हंगाम संपल्यावर वाजवलं गेलं.

सेन्सर आणि ॲप यांत निवड करायची वेळ आली तर मी सेन्सर निवडेन. ॲपने दाण्याचा चेहरा वाचला. सेन्सरने कट्ट्यांची जागा बदलायला लावली. आणि दोहोंच्या आधी वही. काकूंचं मानधन गट आता वाढवतोय, वहीचं काम धरून.

सगळ्यांत मोठी गोष्ट खरेदीची. टरफल काढल्याची तारीख कट्ट्यावर असलीच पाहिजे, आणि परत केलेला माल खाण्यासाठी विकणार नाही असं लिहून दिलं पाहिजे, अशा दोन अटी गटाने व्यापाऱ्यापुढे ठेवल्या आहेत. तो हसला. आता दुसरा विचार असा की टरफलासकट वरई घ्यायची आणि लहान यंत्रावर लागेल तशी इथेच सोलायची. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा यंत्राला ३५ टक्के अनुदान मिळतं, पण ते कर्जाला जोडलेलं आहे आणि प्रस्ताव बँकेत आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतोय, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. म्हणजे हवा कोरडी असण्याची शक्यता जास्त, आणि यंत्र वेळेत आलं नाही तरी हंगाम निभावेल, असा हिशेबाच्या ताईंचा अंदाज आहे. बँकेने आणखी एक कागद मागितलाय: गटाच्या मालाच्या गुणवत्तेचा दाखला. अध्यक्षताईंनी काकूंच्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.